आकड्याआधी जागा: वीजकाम, इलेक्ट्रॉनिक्स आणि हातातला मल्टिमीटर



मल्टिमीटर कोणता घ्यावा, हा प्रश्न एरवी दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत निकालात निघतो. दुकानदार पिवळा मीटर पुढे सरकवतो, किंमत दोन-अडीचशे सांगतो, गिऱ्हाईक दोन पिना एकमेकींना टेकवून बझर वाजतोय ना एवढं बघतं आणि मीटर पिशवीत टाकतं. अशा प्रश्नाला अख्खं व्याख्यान कशाला, असं कुणालाही वाटेल. पण कैनाड गावात, आणि एकूणच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, हा प्रश्न शहरापेक्षा अवघड आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे ट्रेड वेगवेगळे शिकवतात. मुंबईत बाजारसुद्धा वेगळे आहेत. वीजसामानाला लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड. आणि २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून दोन्ही ठिकाणी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. पाड्यावर मात्र ही विभागणी टिकत नाही. चिकूच्या वाडीतला स्टार्टर, घरातला मिक्सर, दुकानातला इन्व्हर्टर आणि चार्ज न होणारा मोबाइल हे सगळं एकाच माणसाकडे येतं आणि त्याच्या पिशवीत मीटर एकच असतो. मीटर घेताना आपण काय काय मोजता येईल ते विचारतो. माझं म्हणणं असं आहे की काय मोजायचं हा दुसरा प्रश्न. कुठे मोजायचं, म्हणजे पिना जिथे टेकवणार त्या जागेमागे किती ताकद उभी आहे, हा पहिला. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळूच नये.

हा धोका आला कुठून, ते या यंत्राच्या जन्मातच दिसतं. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या अभियंत्याला तारायंत्रांच्या दुरुस्तीसाठी तीन-चार वेगळी उपकरणं वागवावी लागत. त्याला कंटाळून त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारं उपकरण आखलं आणि १९२३ साली ते ‘ॲव्हो’ या नावाने बाजारात आलं. सोय मोठी झाली, पण दोन परस्परविरोधी उपकरणं एका डब्यात नांदू लागली. व्होल्टमीटर दोन तारांच्या मध्ये लावायचा असतो, म्हणून त्याचा रेझिस्टन्स प्रचंड. अँपिअरमीटर तारेच्या ओघातच बसवायचा असतो, म्हणून त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. हातातल्या मीटरवर या दोघांत अंतर असतं एका भोकाचं. लाल पिन ‘१० ए’च्या भोकात राहिली आणि कुणी ती तशीच फेज-न्यूट्रलला टेकवली, तर त्याने मीटर लावलेला नाही, तर जाड तारेचा तुकडा आडवा टाकला आहे. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. ॲव्होमध्ये भार वाढला की खट्‌कन उडणारा कट-आउट असे. आपल्याकडे नाशिकच्या रिषभ कंपनीने काही मीटरमध्ये भोकांवर सरकत्या झडपाच बसवल्या. बटण व्होल्टवर असेल तर अँपिअरचं भोक बंदच राहतं. फॅशनेबल पडद्यापेक्षा ही झडप मला जास्त महत्त्वाची वाटते. माणूस उन्हात, घाईत, शिडीवर उभा असताना पिन बदलायला विसरणार हे गृहीत धरूनच ती बसवलेली आहे.

आता जागेमागची ताकद म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. गावातली १०० केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घ्या. ११ हजार व्होल्टची लाइन तिच्यात येते आणि ४३३ व्होल्ट होऊन बाहेर पडते. पूर्ण भाराला ती फेजमागे १३३ अँपिअर देते. तिचा इम्पिडन्स साडेचार टक्के धरला, तर एलटीच्या, म्हणजे कमी व्होल्टच्या, टोकांवरच शॉर्ट झाल्यास जवळजवळ तीन हजार अँपिअर वाहतील. तीच लाइन खांबाखांबावरून पाड्यापर्यंत येते तेव्हा तारांचा रेझिस्टन्स साठत जातो. एखाद्या घरातल्या बोर्डापर्यंत जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून एक ओहम झाला, तर तिथल्या शॉर्टला २३० अँपिअर. आणि मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय तर दोन-तीन अँपिअरवर स्वतःच हात आखडता घेतो. डीपीपाशी फेज-न्यूट्रलमध्ये मीटर लावा किंवा घरात लावा, पडद्यावर आकडा २३०च्या आसपासच दिसेल. मागची ताकद मात्र डीपीपाशी घरातल्यापेक्षा तेरापट आहे, आणि ती पडद्यावर कुठेच दिसत नाही. चूक सगळीकडे एकच असली तरी टेबलावर तिची किंमत फार तर एक फ्यूज, घरात एक ठिणगी आणि उडालेली एमसीबी, आणि डीपीपाशी हातात फुटणारा मीटर.

फ्यूज असतेच की, असं यावर लगेच म्हटलं जातं. म्हणून स्वस्त मीटरचं मागचं झाकण एकदा उघडून बघावं. आत पाच मिलिमीटर जाडीची आणि २० मिलिमीटर लांबीची काचेची नळी दिसते. या जातीच्या साध्या फ्यूजने किती करंट सुरक्षितपणे तोडावा याची हमी ठरलेली असते: ३५ अँपिअर किंवा तिच्या स्वतःच्या रेटिंगच्या दहापट, यांतलं जे जास्त तेवढा, आणि तोही २५० व्होल्टला. तीन हजार अँपिअर आले तर आतली तार वितळते खरी, पण तिची वाफ वीज वाहूनच नेत राहते, काच फुटते आणि ज्वाळ मीटरच्या डब्यात शिरते. तीही फ्यूज फक्त मिलिअँपिअरच्या भोकाला असते. मोठ्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असतं, ते वाचायला भिंग लागतं. चांगल्या मीटरमध्ये याच जागी वाळू भरलेली जाड सिरॅमिक फ्यूज असते. ती १००० व्होल्टला २० हजार अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकते, कारण वितळलेल्या तारेभोवतीची वाळू वितळून काच होते आणि ज्वाळेची वाटच बुजवते. अशी एक फ्यूज बदलायची म्हटली तरी तिची किंमत त्या पिवळ्या मीटरपेक्षा जास्त पडते. चांगला मीटर महाग का, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

मीटरच्या तोंडावर छापलेली ‘कॅट’ ही अक्षरं याच ताकदीची पायरी सांगतात. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्लगला लावलेली उपकरणं कॅट-२ मध्ये येतात. इमारतीची पक्की वायरिंग, मेन स्विच, वितरण बोर्ड आणि कायम बसवलेली मोटार कॅट-३ मध्ये. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, वीजमीटर आणि डीपीची एलटी बाजू कॅट-४ मध्ये. या पायऱ्यांशेजारी व्होल्टचा आकडा असतो आणि तिथेच लोक फसतात. कॅट-२, १००० व्होल्ट असं लिहिलेला मीटर कॅट-३, ६०० व्होल्टपेक्षा दणकट असणार, असं कुणालाही वाटेल. पण दोघांनाही सहा हजार व्होल्टचाच धक्का देऊन तपासतात. फरक असा की कॅट-२ला तो धक्का १२ ओहममधून देतात आणि कॅट-३ला दोन ओहममधून. म्हणजे एकाच्या अंगावर फार तर ५०० अँपिअर येतात, दुसऱ्याच्या तीन हजार. सहा हजार व्होल्ट २३०च्या लाइनवर येतातच कुठून, अशी शंका रास्त आहे. आपल्या पट्ट्यात जूनच्या सुरुवातीला गडगडाट होऊन पाऊस पडतो, तारा उघड्या आणि लांबच लांब, आणि वीज लाइनवरच पडायला हवी असंही नाही. जवळच्या झाडावर पडली तरी तारेत लाट उठते. मोठी मोटार बंद करतानाही छोट्या लाटा उठतात. ती लाट नेमकी पिना टेकवलेल्या क्षणी आली, तर मीटरच्या आतल्या दोन तांब्याच्या रेघांमधल्या मोकळ्या जागेवर सगळं अवलंबून राहतं. वाडीतला पंप डीपीच्या बांधालाच असेल, तर कागदावर स्टार्टर कॅट-३ असला तरी माझ्या मते त्याला कॅट-४ समजूनच हात लावावा.

वीजकामात मीटरने जिवंत राहावं ही झाली पहिली अपेक्षा. दुसरी अशी की त्याने ‘आहे’ आणि ‘नाही’ खरं सांगावं. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स बहुधा एक कोटी ओहम असतो. इतका जास्त की शेजारच्या तारेतून हवेतल्या हवेत झिरपलेली कणभर वीजही त्याला पुरते आणि तुटलेल्या तारेवर तो ७०-८० व्होल्ट दाखवतो. म्हणून काही वीजकामाच्या मीटरमध्ये कमी रेझिस्टन्सची एक वेगळी रेंज असते. तिथे मीटर मुद्दाम थोडा भार टाकतो आणि खोटे व्होल्ट विरघळून जातात. आपल्या वायरमनचा जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमधल्या बल्बला जोडलेल्या दोन तारा, हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. टेस्ट लॅम्प उघड्या टोकांचा, फ्यूज नसलेला आणि धोकादायकच. पण त्याच्या मागचं तर्कशास्त्र पक्कं आहे आणि मीटर बनवणाऱ्यांना ते उशिरा सुचलं. पेचकसाच्या मुठीतल्या निऑन टेस्टरबद्दल एवढं चांगलं बोलता येत नाही. तो आपल्याच अंगातून वाट शोधतो, आणि लाकडी फळीवर रबरी चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो पेटला नाही, तर तार बंद आहे असं मुळीच ठरत नाही. तार बंद आहे याची खात्री करण्याचा एकच मार्ग आहे: मीटर आधी चालू जागेवर तपासायचा, मग बंद केलेल्या जागेवर लावायचा आणि मग पुन्हा चालू जागेवर. मधल्या काळात सेल संपला असेल किंवा लीडची तार आतून तुटली असेल, तर ते तिसऱ्या पावलाला कळतं. खोटं शून्य दाखवणारा मीटर मीटर नसण्यापेक्षा वाईट.

पंपाच्या बाबतीत मीटर आणखी एका प्रकारे फसवतो, आणि चिकूला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागत असल्याने हे इथे वारंवार घडणारं काम आहे. थ्री-फेज मोटार चालू असताना एक फेज गेली, तर मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घरघरत फिरत राहते आणि फिरता फिरता गेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्ट तयार करते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेच्या खालच्या बाजूला व्होल्ट मोजले तर तिन्ही फेजवर जवळजवळ सारखे आकडे येतात. फेज तर तिन्ही आहेत, म्हणून माणूस मोटारीला किंवा बेअरिंगला दोष देतो आणि दोन दिवसांनी वाइंडिंग जळतं. खरी गोष्ट करंट सांगतो: दोन तारांत वाढलेला, तिसरीत शून्य. म्हणून पंपाचं काम करणाऱ्याला माझा सल्ला असा की त्याची मुख्य खरेदी क्लॅम्प मीटर असावी. तार न तोडता, चिमट्याने वेढून करंट मोजता येतो, आणि ते जीवघेणं ‘१० ए’चं भोक वापरण्याची वेळच येत नाही. मोठे करंट भोकातून मोजायचेच नाहीत, हा नियम पाळला तरी धोक्याची निम्मी कहाणी संपते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलाकडे वळलं की मागण्या नेमक्या उलट्या होतात. तिथे मीटरने काहीही बिघडवू नये आणि बारीकसारीक पाहावं. एक साधं उदाहरण घ्या: १२ व्होल्टवर दहा-दहा लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले आहेत, मधल्या बिंदूवर सहा व्होल्ट असायला हवेत. एक कोटी ओहमचा डिजिटल मीटर तिथे लावला तर ५.७१ दिसतील, म्हणजे जवळजवळ बरोबर. काट्याचा जुना मीटर, व्होल्टमागे २० हजार ओहमचा, दहाच्या रेंजवर लावला तर १.७१. आणि वीजकामाची ती कमी रेझिस्टन्सची रेंज, समजा तीन हजार ओहमची, लावली तर जेमतेम ०.०४ व्होल्ट! खांबापाशी जो गुण जीव वाचवतो, तोच इथे सर्किट झोपवतो. मोबाइलच्या बॅटरीत ३.७ आणि ४.२ व्होल्टमधलं अंतर सगळं काही सांगतं, म्हणून शतांश व्होल्ट दिसायलाच हवेत. पण शतांश दिसतात म्हणून ते खरेच असतात असंही नाही. अर्धा टक्का अचूकतेच्या मीटरमध्ये ४.२० चा अर्थ ४.१८ ते ४.२२ इतकाच होतो, वर शेवटच्या अंकाची चूक वेगळी. करंट मोजताना मीटर स्वतः थोडे व्होल्ट खातो, तेही इथे अंगाशी येतं. एका मिलिअँपिअरला दोन मिलिव्होल्ट खाणारा मीटर २०० मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट खाईल, ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला उरतील २.९, आणि मीटर लावल्यामुळेच बोर्ड बंद पडेल. दुरुस्ती करणारा मग नसलेला बिघाड शोधत बसतो. शिवाय वीजकामाच्या जाड, टोपी घातलेल्या पिना बारीक चिपच्या दोन पायांमध्ये मावत नाहीत. तिथे सुईसारख्या पिना लागतात, आणि त्या सुया डीपीपाशी नेणं म्हणजे संकटाला निमंत्रण. खांबावरच्या कामात पिनेचं उघडं धातूचं टोक चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं, हा दंडक त्यासाठीच आहे.

यावर एक आक्षेप असा येतो की हल्ली इलेक्ट्रॉनिक्स आणि वीजकाम यांच्यात सीमा उरलेलीच नाही. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब उघडा: आतला कपॅसिटर २३० व्होल्टच्या शिखराला, म्हणजे ३२५ व्होल्ट डीसीला चार्ज झालेला असतो आणि लाइनपासून तो कशानेही वेगळा केलेला नसतो. खेळण्यासारखा दिसणारा बोर्ड थेट खांबाला जोडलेला आहे. (त्यातले एलईडी डायोड रेंजवर पेटत नाहीत म्हणून ते जळाले असंही समजू नये. त्या एकेका ठिपक्यात अनेक चिप ओळीने असतात आणि त्यांना मीटरचे दोन-अडीच व्होल्ट पुरतच नाहीत.) इन्व्हर्टरचीही तीच गत. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांचा व्होल्टेज देतो, आणि साधा मीटर ही लाट गोल आहे असं समजून हिशोब मांडतो. शिखर ३२५ आणि अर्धा वेळ चालू, अशा लाटेचे खरे व्होल्ट २३० असतात. साधा मीटर १८० दाखवतो. लोड कमी करा, बॅटरी बदला, बोर्ड उघडा, असे सल्ले सुरू होतात आणि इन्व्हर्टर बिचारा धडधाकट असतो. ‘ट्रू आरएमएस’, म्हणजे लाट कोणत्याही आकाराची असली तरी खरे व्होल्ट मोजणारा मीटर: ही अक्षरं अशा ठिकाणी पैसे वसूल करतात. साध्या लाइनवर, साध्या मोटारीवर त्यांच्यावाचून फारसं अडत नाही. म्हणून केवळ ट्रू आरएमएस आहे म्हणून मीटर घेणं, आणि त्याची कॅट न बघणं, ही मला उलटी वरात वाटते.

सौर पंपाने तर माझ्याच नियमाला एक मुरड घातली आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१९ पासून कुसुम योजनेखाली आणि पुढे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या नावाखाली पॅनेल शेतांत पोचली. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या पाचच टक्के भरावे लागत असल्याने आपल्या तालुक्यांत या पंपांची दुरुस्ती हे येत्या काळातलं मोठं काम असणार. उघड्या टोकांना ४५ व्होल्ट देणारी १२ पॅनेल एका माळेत जोडली की ५४० व्होल्ट डीसी होतात. पण पॅनेलमागे डीपीसारखी ताकद नसते. शॉर्ट केलं तरी करंट कामाच्या करंटपेक्षा थोडाच वाढतो, नऊ-दहा अँपिअरच्या घरात राहतो. म्हणजे मीटरची दहा अँपिअरची फ्यूज उडणारच नाही! धोका येतो तो पिन काढताना. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून पिन दूर घेतली तरी ज्वाळ ताणली जाऊन जळत राहते. तेव्हा सौर कामासाठी मीटरवर आणि लीडवर १००० व्होल्ट डीसी स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि करंट मोजायचा तर डीसी मोजणारा क्लॅम्प. साधा क्लॅम्प एसीच मोजतो. तो पॅनेलच्या तारेभोवती ठेवला की शून्य दाखवतो आणि माणसाला वाटतं पॅनेल मेलं.

मग एकच दणकट, ट्रू आरएमएस, कॅट-४ मीटर घेऊन दोन्ही कामं का करू नयेत? सुरक्षिततेपुरतं हे चालतं. खांबाचा मीटर टेबलावर आणला तर फार तर आकडा चुकेल. टेबलाचा मीटर खांबावर नेला तर माणूस जाईल. दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. म्हणून ज्याला एकच मीटर परवडतो त्याने वीजकामाचाच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दोन्ही कामं करणाऱ्याला दोन मीटर स्वस्त पडतात. सगळे गुण एकत्र असलेल्या मीटरला जी किंमत पडते, तिच्या निम्म्यात एक साधा पण खरा कॅट-३ क्लॅम्प (डीपीपाशी काम असेल तर कॅट-४चा) आणि टेबलासाठी एक बारीक वाचणारा मीटर येतो. हजारांचा खर्च गावातल्या कारागिराने का करावा, या प्रश्नाला उत्तर देताना मी तो त्याच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. ज्या वाडीवाल्याचा पंप तो दुरुस्त करतो, त्याची एकदा जळलेली मोटार पुन्हा भरायलाच काही हजार लागतात. फेज गेल्याचं वेळेत कळलं तर मीटरचा पैसा पहिल्याच मोसमात सुटतो, तेव्हा कामाच्या दरात तो धरणं यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला ‘वीस वर्षं हाच मीटर वापरतोय, काही झालं नाही’ हा दाखला. अपघाताला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पिन चुकीच्या भोकात असणं आणि पिनेपुढची जागा ताकदीची असणं. दोन्ही अधूनमधून घडतात, एकत्र क्वचित. वीस वर्षांच्या अनुभवातून एवढंच कळतं की त्या अजून एकत्र आलेल्या नाहीत. त्याहून जास्त अर्थ त्यातून निघत नाही. याच्या जोडीला हेही खरं की कॅट-३ ही अक्षरं आता शंभर-दोनशेच्या मीटरवरही बिनदिक्कत छापलेली असतात. सीई ही खूण तर बनवणारा स्वतःच लावतो. तेव्हा अक्षरांपेक्षा वस्तू बघावी. दुकानात मागचं झाकण उघडायला सांगावं. काचेची बारकी फ्यूज दिसली तर छापील कॅट विसरावी. प्रत्येक करंटच्या भोकाला फ्यूज आहे का, लीडचं टोक भोकात खोल, चोहोबाजूंनी प्लास्टिकने झाकलेलं बसतं का, यूएल किंवा टीयूव्हीसारख्या बाहेरच्या प्रयोगशाळेची खूण आहे का, हे पाहावं. नाशिक-मुंबईकडच्या रिषभ, मेको, मोटवाने यांसारख्या जुन्या देशी नावांचा एक व्यवहारी फायदा असा की फ्यूज आणि लीड सुटे मिळतात. मीटर कितीही चांगला असो, उडालेल्या सिरॅमिक फ्यूजच्या जागी कुणी तांब्याचा तुकडा गुंडाळला तर त्याची कॅट त्याच क्षणी संपली.

जुना पिवळा मीटर मग फेकून द्यायचा का? मुळीच नको. सेल, बॅटरी, मोबाइलचे बोर्ड, अडॅप्टरची बाहेरची बाजू यांसाठी तो वर्षानुवर्षं उत्तम काम देईल. फक्त त्याच्या त्या ‘अनफ्यूज्ड’ भोकात एपॉक्सीचा एक थेंब टाकून ते कायमचं बुजवावं, पाठीवर पक्क्या शाईने ‘फक्त टेबल’ असं लिहावं आणि खांबावर जाणाऱ्या पिशवीत त्याला जागाच ठेवू नये.